घरी छोटा एफपीव्ही ड्रोन बांधताना: आधी काय, मग काय

दर चवथीच्या सुट्टीत गावातली एकदोन मुलं पिशवी घेऊन आमच्या सोप्यावर येतात. पिशवीत बांधून पुरा झालेला एफपीव्ही ड्रोन असतो, म्हणजे त्याच्यावरच्या कॅमेऱ्याचं चित्र गॉगलमध्ये बघत उडवायचा. फक्त उडत नसतो. तक्रारही ठरलेली: "काका, थ्रॉटल दिला की कोलांटी मारतो." थ्रॉटल म्हणजे रिमोटवरची मोटरींचा वेग वाढवणारी काडी. उघडून बघावं तर भाग सगळे चांगले. सगळं एका बैठकीत जोडलेलं, प्रॉप (मोटरींवरचे पंखे) बसवलेले, बॅटरी लावलेली आणि मग शेवटी लॅपटॉप उघडलेला. हा क्रम उलटा आहे. खाली दिलेला क्रम माझे दोन बोर्ड जळल्यावर ठरला आहे. त्यातली एकही पायरी पुढे-मागे करू नका.

१. काय बांधायचं ते ठरवा

पहिला ड्रोन ६५ मिलिमीटरचा घ्या. हे माप समोरासमोरच्या दोन मोटरींच्या मध्यांतलं तिरकं अंतर असतं. प्रॉपभोवती प्लास्टिकची कडी असते, त्यामुळे भिंतीला आपटला तरी ना भिंतीचं बिघडतं ना ड्रोनचं. आपल्याकडे गोव्यात जूनपासून सप्टेंबरपर्यंत बाहेर काही उडवता येत नाही, तेव्हा जो घरात उडतो तोच खरा कामाचा. कुळागरात (सुपारी-नारळाच्या बागेत) उडवायची हौस असेल तर ७५ मिलिमीटर चालेल. तीन इंची प्रॉपचा ड्रोन मात्र पहिल्या वेळी नको. तो घरात उडवता येत नाही आणि बोट कापतो.

वजनाचा हिशेब असा: फ्रेम ३ ते ४ ग्रॅम, चार मोटरी मिळून ६ ते ८, बोर्ड ४ ते ५, बाकी कॅमेरा, त्याच्यावरचं झाकण (टोपी) आणि प्रॉप. बॅटरीशिवाय सगळं मिळून २० ग्रॅमच्या आसपास बसलं पाहिजे. ३०० एमएएचची एक सेलची बॅटरी साधारण ८ ग्रॅमची. अशा ड्रोनला तीन-चार मिनिटं मिळतात. पाच ग्रॅम वाढले की तो हवेत जड होतो, वळणावर खाली बसतो आणि बॅटरी लवकर संपते. सोनाराच्या काट्यासारखा छोटा डिजिटल काटा ऑनलाइन स्वस्तात मिळतो, तो घ्याच.

२. खरेदी: पाच जोड्या जुळल्या का?

यादी करण्याआधी हे जुळवा. पुढचे अर्धे घोळ इथेच टळतात.

मोटरीचा दांडा आणि प्रॉपचं भोक: दांडा १ मिलिमीटरचा असतो किंवा दीडचा. ६५ च्या फ्रेमला प्रॉप ३१ मिलिमीटरचे. मोटर ०७०२ किंवा ०८०२ मापाची, म्हणजे स्टेटर (मोटरीतला न फिरणारा भाग) ७ किंवा ८ मिलिमीटर रुंद आणि २ मिलिमीटर उंच. ०८०२ घेतली तर एका सेलवर १९,००० ते २५,००० केव्हीची. केव्ही म्हणजे दर व्होल्टमागे मिनिटाला किती फेरे.

बोर्ड आणि फ्रेम: बोर्डाच्या भोकांमधलं अंतर बहुधा २५.५ मिलिमीटर असतं. तरी फ्रेमच्या पानावर ते वाचा. फ्लाइट कंट्रोलर (ड्रोनचा मेंदू), चारही ईएससी (मोटरींचा वेग सांभाळणारे भाग), रिसीव्हर (रिमोटचं ऐकणारा) आणि व्हिडिओ ट्रान्समीटर (गॉगलकडे चित्र पाठवणारा) एकाच बोर्डावर असलेला घ्या. वेगवेगळे जोडत बसलात तर वायरींचंच वजन वाढतं.

रिमोट आणि रिसीव्हर: दोन्ही ईएलआरएस या रेडिओ पद्धतीचे, दोन्ही २.४ गिगाहर्ट्झ. ९१५ मेगाहर्ट्झचा ईएलआरएस स्वस्त दिसला तरी घेऊ नका. त्या पट्ट्यातला भाग आपल्याकडे मोबाईल सेवेचा आहे.

गॉगल आणि व्हिडिओ: अॅनालॉगला अॅनालॉग, डिजिटलला त्याच कंपनीच्या पद्धतीचं डिजिटल. शिकायला अॅनालॉग पुरे. चित्राला मुंग्या येतात, पण ट्रान्समीटर हलका असतो.

बॅटरीचा कनेक्टर: पीएच २.०, बीटी २.० की ए३०, एकच ठरवा आणि चार्जरही त्याचाच घ्या.

सावध: ९ फेब्रुवारी २०२२ पासून परदेशातून तयार ड्रोन आणायला बंदी आहे. 'जोडायचं पूर्ण किट' म्हणून एका खोक्यात आलेलाही त्याच बंदीत धरला जातो. सुटे भाग आणता येतात. रिमोटसारख्या रेडिओ उपकरणाच्या आयातीला मात्र डब्ल्यूपीसीची (दूरसंचार खात्याच्या वायरलेस विभागाची) मंजुरी लागते, म्हणून रिमोट आणि गॉगल देशातल्याच विक्रेत्याकडून घ्या. कस्टममध्ये अडकलेल्या पार्सलची वाट बघत मी अख्खा मे घालवला आहे.

३. टेबल मांडा

तापमान ठरवता येणारा सोल्डरिंग आयर्न, ०.६ ते ०.८ मिलिमीटरची ६३/३७ (कथील-शिशाची) सोल्डर वायर, फ्लक्स (सोल्डर नीट पसरायला लावायचा लेप), मल्टिमीटर, बारीक स्क्रूड्रायव्हर, चिमटा, आयसोप्रोपाइल अल्कोहोल. आणि यूएसबी केबल, डेटाची. "लॅपटॉपला बोर्ड दिसतच नाही" म्हणत आलेल्यांपैकी बहुतेकांची केबल फक्त चार्जिंगची निघते. त्याच केबलने मोबाईलमधले फोटो लॅपटॉपवर येतात का ते आधी बघा.

आपल्या हवेतल्या दमटपणाकडे दुर्लक्ष करू नका. बोर्डावर राहिलेला फ्लक्स ओल धरतो, त्यात समुद्राचं मीठ मिसळलं की एका पावसाळ्यात पॅडवर (वायर जोडायच्या धातूच्या ठिपक्यांवर) हिरवा थर येतो. सोल्डर झालं की जुन्या टूथब्रशने अल्कोहोल लावून पुसायचं. वरचा पंखा बंद ठेवा. त्याच्या वाऱ्याने आयर्नचं टोक थंड पडतं आणि इवले स्क्रू कुठे जातात ते देवालाच ठाऊक. स्क्रूंसाठी ताटलीत चुंबक ठेवा.

४. कोरडी जुळणी

सोल्डर करण्याआधी सगळे भाग फ्रेममध्ये नुसते ठेवून बघा. बोर्डावर बाण असतो, तो पुढच्या दिशेला हवा. यूएसबीचं तोंड फ्रेमच्या बाजूने बाहेर यावं म्हणून कधी कधी बोर्ड फिरवून बसवावा लागतो. तसं केलंत तर किती अंश आणि कुठल्या बाजूला ते कागदावर लिहून ठेवा, सातव्या पायरीला लागेल.

बोर्डाच्या भोकांत रबरी बुशिंग घाला. स्क्रू इतकाच आवळा की रबर चेपटं होता कामा नये. चेपलेल्या रबरातून मोटरींची थरथर थेट जायरोपर्यंत (ड्रोन किती वळला ते मोजणाऱ्या सेन्सरपर्यंत) पोचते आणि ड्रोन हवेत कुरकुरतो.

तपासा: बॅटरीची वायर प्रॉपच्या कडीत शिरत नाही ना? कॅमेऱ्याची वायर ताणली जात नाही ना? सगळं काट्यावर ठेवा आणि आकडा लिहा.

५. बॅटरीची वायर सोल्डर करा

मोटरी अजून डब्यातच राहू देत. व्हिडिओ ट्रान्समीटरचा अँटेना मात्र आत्ताच बसवा. तो नसताना वीज गेली तर ट्रान्समीटर जळू शकतो आणि काही बोर्डांत यूएसबीवरही तो चालू होतो.

आयर्न ३५० अंशांवर. पॅडला फ्लक्स, त्यावर सोल्डरचा छोटा थेंब. वायरीच्या टोकालाही सोल्डर. मग दोन्ही एकत्र धरून तापवायचं, दोन-तीन सेकंदांत थेंब एकजीव होतो. काळ्या वायरीचा, म्हणजे ग्राउंडचा पॅड बोर्डातल्या तांब्याला जोडलेला असल्यामुळे उष्णता ओढून घेतो, तिथे जरा जास्त वेळ लागतो. तरीही चार सेकंदांच्या वर टोक धरून ठेवू नका. उचला, थंड होऊ द्या, पुन्हा फ्लक्स लावा. चांगला टाका गुळगुळीत दिसतो आणि वायरीच्या कडेने उतरता जातो. मळकट, गोळा झालेला टाका काढून परत करा.

माझा पहिला बोर्ड इथेच गेला. कनेक्टर एका दुकानाचा, बॅटरी दुसऱ्या दुकानाची. दोघांनीही लाल-काळ्या वायरी लावलेल्या, पण एकमेकांच्या उलट. मी रंग बघितला, लाल लालच्या पॅडला लावली. बॅटरी खोचली तसा आवाज झाला नाही की ठिणगी उडाली नाही, फक्त जळक्या लसणीसारखा वास आला. वायरीच्या रंगावर विश्वास ठेवू नका. बॅटरीच्या कनेक्टरला मल्टिमीटर लावून अधिक कुठे ते शोधा आणि जोडीदार कनेक्टरच्या त्याच बाजूची वायर अधिकच्या पॅडला जाते का ते बघा.

तपासा: बॅटरी न लावता, मल्टिमीटर कंटिन्युइटीवर (जोड असला की बीप देणाऱ्या खुणेवर) ठेवून बोर्डाच्या अधिक-उणे पॅडना टोकं लावा. क्षणभर बीप येऊन थांबली तर ठीक, तो कपॅसिटर भरल्याचा आवाज. सलग वाजत राहिली तर कुठेतरी शॉर्ट आहे. सोल्डरचा बारीक मणी दोन पॅडच्या मधे अडकलेला असतो, भिंगाने शोधा.

६. पहिली वीज

आधी फक्त यूएसबी. दिवे लागले, बोर्ड बोटाला चटका देत नाही, वास नाही, तर मिनिटभर तसाच ठेवा. मग यूएसबी काढून बॅटरी. पुन्हा मिनिटभर, पण नाक जवळ आणि हात कनेक्टरवर. व्हिडिओ ट्रान्समीटर गरम होतोच, त्याला जास्त वेळ चालू ठेवायचं नाही. सुरुवातीची कामं यूएसबीवरच उरका.

७. सॉफ्टवेअर, मोटरी लावण्याआधी

लॅपटॉपवर बीटाफ्लाइट कॉन्फिगरेटर उघडा, बोर्डाच्या सेटिंग यातूनच होतात. कशालाही हात लावण्याआधी सीएलआयच्या (आज्ञा टाइप करायच्या) पानावर 'डिफ ऑल' लिहून जे येईल ते फाइलमध्ये जपून ठेवा. बोर्डाचं टार्गेट नावही, म्हणजे तो कुठल्या जातीचा ते, त्यात येतं. नवं फर्मवेअर (बोर्डातलं सॉफ्टवेअर) दिसलं की चढवायचा मोह सगळ्यांना होतो, पण चालू बोर्डावर ते काम करू नका. चुकीचं टार्गेट चढवून बोर्ड मुका करणारे मी चार बघितले आहेत.

सेटअपच्या पानावर ड्रोनचं चित्र असतं. हातातला बोर्ड पुढे झुकवा, चित्र पुढे झुकलं पाहिजे. उजवीकडे कलवा, तेही उजवीकडे. उलटसुलट होत असेल तर कागदावर लिहून ठेवलेले अंश इथे 'याव'मध्ये (आडव्या फिरण्याच्या खान्यात) भरा. मग सपाट फरशीवर ठेवून अॅक्सेलरोमीटर (सपाट कुठे ते ओळखणारा सेन्सर) कॅलिब्रेट करा. फरशी खरोखर सपाट हवी. जुन्या घरांतल्या सोप्याला पाणी वाहून जायला उतार दिलेला असतो, तो नजरेला कळत नाही पण ड्रोन त्याच बाजूला सरकत राहतो.

आता रिसीव्हर. रिमोट आणि रिसीव्हरच्या ईएलआरएसची मुख्य आवृत्ती सारखी हवी. एकीकडे २ आणि दुसरीकडे ३ असेल तर कितीही वेळा बाइंड करा (एकमेकांना जोडा), जुळणार नाही. रिसीव्हरच्या पानावर काड्या हलवून बघा: मध्यावर १५००, टोकांना १००० आणि २०००. थ्रॉटल हलवला की थ्रॉटलचीच पट्टी हलते ना? नसेल तर चॅनलचा क्रम बदला.

मोडच्या पानावर आर्म (मोटरी सुरू करायचा स्विच) ऑक्स १ या चॅनलवरच ठेवा, ईएलआरएस त्याच चॅनलवरून ड्रोन आर्म आहे की नाही ते ओळखतो. दुसऱ्या स्विचवर अँगल मोड (काडी सोडली की ड्रोन आपोआप सपाट होतो), तिसऱ्यावर टर्टल मोड (उताणा पडलेला सुलटा करायला) आणि बीपर. बीपर म्हणजे मोटरीच किणकिणतात, वेगळा भोंगा लागत नाही. गवतात हरवलेला ड्रोन शोधायला दुसरा उपाय नाही.

८. मोटरी

स्क्रू एम १.४ चे, आणि लांबी महत्त्वाची. फ्रेमच्या प्लास्टिकची जाडी अधिक जेमतेम एक मिलिमीटर. लांब स्क्रू आत जाऊन तांब्याच्या वेटोळ्याला टेकतो, मोटर शॉर्ट होते आणि सोबत ईएससी घेऊन जाते. स्क्रू आवळून झाला की मल्टिमीटरचं एक टोक स्क्रूला, दुसरं मोटरीच्या वायरीला लावा. बीप येता कामा नये. बोटाने फिरवा, मोटर मऊ फिरली पाहिजे. मग प्लग बोर्डात खोचा. प्लग कापून वायरी थेट सोल्डर केल्या की अर्धा ग्रॅम वाचतो म्हणतात. पहिल्या ड्रोनला ते उद्योग नकोत.

९. क्रम आणि दिशा

पोरांच्या पिशवीतले बहुतेक ड्रोन या पायरीवर चुकलेले असतात, म्हणून इथे वेळ घ्या. प्रॉप अजून लावायचे नाहीत. मोटरींच्या पानावर जा, बॅटरी लावा आणि एकेक स्लायडर किंचित वर करा. ड्रोनचं नाक तुमच्यापासून लांब असताना वरून बघितलं तर क्रमांक १ मागचा उजवा, २ पुढचा उजवा, ३ मागचा डावा, ४ पुढचा डावा.

दिशा डोळ्यांना कळत नाही, मोटर फार वेगात फिरते. मोटरीवर सेलोटेपची नखाएवढी पताका लावा आणि बोटाच्या टोकाला ती कुठून लागते ते बघा. बीटाफ्लाइटच्या मूळ मांडणीत १ आणि ४ घड्याळाच्या काट्यांप्रमाणे, २ आणि ३ उलट. दिशा चुकली असेल तर त्याच पानावरच्या दिशा बदलण्याच्या सोयीने बदला, क्रम चुकला असेल तर क्रम बदलण्याच्या सोयीने. आणि कागदावर चार वर्तुळं काढून बाण मारा. हा कागद प्रॉप लावताना समोर हवा.

तपासा: प्रॉप नसतानाच रिमोटने आर्म करा आणि थ्रॉटल जरा वर न्या. मोटरी आपोआप वेग वाढवत जातील, एखादी जास्त, एखादी कमी. घाबरू नका, ड्रोन हलत नाही म्हणून कंट्रोलर आणखी जोर लावत असतो. आता रिमोट बंद करा. मोटरी थांबल्या तर फेलसेफ, म्हणजे रिमोटचा संपर्क तुटला की मोटरी थांबवायची सोय, चालतो. नाही थांबल्या तर फेलसेफ दुरुस्त केल्याशिवाय पुढे जाऊ नका.

१०. कॅमेरा आणि चॅनल

कॅमेरा १५ ते २० अंश वर झुकवा. जास्त झुकवलात तर खोलीत फक्त छप्पर दिसेल. व्हिडिओची ताकद २५ मिलिवॅट, घराला भरपूर झाली. रेसबँड या व्हिडिओ पट्ट्याचे ३ ते ६ चॅनल, म्हणजे ५७३२, ५७६९, ५८०६ आणि ५८४३ मेगाहर्ट्झ, वापरा. आपल्याकडे ५७२५ ते ५८७५ हा पट्टा परवान्याविना वापरता येतो. ७ आणि ८ त्याच्या बाहेर पडतात. पडद्यावर बॅटरीचा व्होल्टेज, लिंक क्वालिटी (रिमोटचा संपर्क किती चांगला ते) आणि टायमर, एवढंच घ्या. व्होल्टेज मल्टिमीटरशी ताडून बघा, दशांशाचा फरकही इथे महाग पडतो.

११. प्रॉप

प्रॉप दोन जातींचे असतात. खूण एकच: पात्याची उंच कड पुढे धावली पाहिजे. कागदावरच्या बाणांप्रमाणे एकेक बसवा. पुरा खाली दाबू नका, मोटरीला घासेल.

आता कोलांटीचं निदान. आर्म करून थ्रॉटल देताच ड्रोन दर वेळी एकाच बाजूला पडतो? त्या कोपऱ्यातला प्रॉप चुकीच्या जातीचा आहे, किंवा मोटरींचा क्रम चुकलाय. जागच्या जागी भोवऱ्यासारखा गरगरतो? चारही मोटरी उलट फिरताहेत आणि प्रॉपही त्याप्रमाणे लावलेत, पण सॉफ्टवेअरला ते सांगितलेलं नाही. उचलतो आणि ताबडतोब उलटतो, पण बाजू बदलत राहते? बोर्डाचे अंश चुकले, सातवी पायरी परत करा. सरळ उचलतो आणि हळूहळू एकीकडे सरकतो? अॅक्सेलरोमीटर. आठवडाभर नीट उडणारा एके दिवशी एक कोपरा पाडायला लागला, तर मोटरीच्या दांड्यावर केस गुंडाळलेला असणार. घरात सगळ्यात मोठा शत्रू तोच. प्रॉप काढा आणि चिमट्याने ओढा.

१२. पहिलं उड्डाण

त्याआधी सिम्युलेटरवर निदान दहा तास, तुमच्याच रिमोटने. मग घरात: पंखा बंद, अँगल मोड, गॉगल न लावता. गुडघ्याएवढ्या उंचीवर तरंगवा, उतरवा, मोटरी हाताला लावून बघा. कोमट ठीक, चटका बसला तर थांबा.

बॅटरी उडताना ३.३ व्होल्टवर आली की उतरवायचं. उतरल्यावर ती ३.६ च्या वर परत येते. ३.० पर्यंत ओढलेली बॅटरी पाच-सहा वेळांत मरते.

माटोळी (चवथीला गणपतीच्या वर टांगलेली फळा-पानांची चौकट) बांधलेली असेल त्या खोलीत उडवू नका. आमचा एकदा सुपारीच्या घोसात शिरला आणि आईने विसर्जनापर्यंत त्याला हात लावू दिला नाही. दीड दिवस बाप्पाच्या डोक्यावर लटकत होता.

१३. बाहेर नेताना

ड्रोन नियम २०२१ प्रमाणे २५० ग्रॅमपर्यंतचा ड्रोन 'नॅनो' धरला जातो, त्याला पायलट सर्टिफिकेट लागत नाही. म्हणून तो कुठेही उडवता येतो असं मात्र नाही. दाबोळीचा विमानतळ नौदलाच्या आयएनएस हंस तळावर आहे, उत्तरेला मोपाचा विमानतळ २०२३ च्या जानेवारीपासून चालू आहे. एवढ्याशा गोव्यात दोन विमानतळ. सरकारच्या डिजिटल स्काय संकेतस्थळाच्या नकाशावर आपली जागा लाल, पिवळी की हिरवी ते बघूनच निघा. गॉगल लावलेला माणूस आंधळाच असतो, शेजारी एकजण ड्रोनवर नजर ठेवून उभा हवा.

किनारा टाळा. वारा आहेच, पण खरी अडचण वाळूची. वाळूतले काळे कण चुंबकाला चिकटतात आणि मोटरीत एकदा शिरले की फुंकून निघत नाहीत. चिकटपट्टीने टिपत बसावं लागतं. सरद (पावसाळी) पीक कापलेलं शेत उत्तम, पडला तर पेंढ्यावर पडतो. कुळागरात सुपारीच्या खांबांमधून जायला मजा येते, पण पाऊस पडून गेलेला असेल तर ओली पानं व्हिडिओ खाऊन टाकतात. पन्नास पावलांत चित्र जातं.

१४. बॅटरी

या ड्रोनची बॅटरी लिपो (लिथियम पॉलिमर) जातीची. साधा लिपो ४.२० व्होल्टपर्यंत चार्ज करायचा, एचव्ही (जास्त व्होल्टेजचा) लिहिलेला ४.३५ पर्यंत. चार्जरवर छोटा स्विच असतो, दर वेळी तो बघा. ३०० एमएएचला ०.३ अँपिअर म्हणजे साधारण तासाभराचं चार्जिंग. समोर बसून करा, रात्रभर लावून झोपू नका. न वापरता ठेवायची असेल तर ३.८ व्होल्टवर, उन्हात उभ्या गाडीत कधीच नाही. फुगलेली बॅटरी दाबून बसवायची नाही. ती चिऱ्यावर उघड्यावर ठेवा आणि ई-कचऱ्यात द्या.